जुदित्ताचे आठ सेकंद

या, जरा पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा होईल. माल्टातल्या एका नऊ वर्षांच्या पोरीची गोष्ट ऐकवायची आहे. पोरगी हट्टी होती, आणि देवाला हट्टी माणसं आवडतात असा माझा भाव आहे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे प्रवचन पाद्री करत नाही, गावातलं एक लेकरू करतं. दोन महिने पाठांतर, हातवारे, आणि मग भरल्या चर्चमध्ये उभं राहून बाळ येशूच्या जन्माची कथा सांगायची. मागे एक जाणतं माणूस कागद घेऊन असतं. लेकरू अडलं की त्याने पुढचे शब्द पुटपुटायचे. त्या वर्षी प्रवचनाचा मान जुदित्ताला मिळाला आणि कागद सल्वू मास्तरांना.

जुदित्ताला अपस्माराचे मुके झटके येत. पडणं नाही, तोंडाला फेस नाही. बोलता बोलता नजर थिजायची, पापण्या थरथरायच्या, काही सेकंदांनी ती परत यायची. गोळ्यांनी झटके कमी झाले होते, थांबले नव्हते.

शेवटच्या तालमीत ती तीनदा अशी हरवली आणि परत आल्यावर दर वेळी भलतीकडेच पोचली. बाळ जन्मायच्या आधीच मेंढपाळ दर्शन घेऊन घरी गेले. पुढच्या बाकावरच्या बायका खुदखुदल्या. फादर अन्जलू हळूच म्हणाले, "यंदा दुसऱ्या कुणाला देऊ, बाळा. तुझंच हसं होईल."

हे सारं मागच्या बाकावरून जुदित्ताची विन्चेन्झा मावशी पाहत होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं ती असेच झटके येणारे उंदीर सांभाळत होती. मेंदूच्या गाभ्यातल्या पेशी म्हणजे टाळकरीच. एरवी ज्याचा त्याचा हात गाण्याप्रमाणे चालतो. झटक्यात सगळे एकच ठेका धरून बसतात आणि गाणं बंद पडतं. त्या पेशींवर सेरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या रसायनाचा निरोप झेलणारा एक रिसेप्टर असतो. तो चेतवला की ठेका सुटतो, हे तिला पुन्हा पुन्हा दिसलं होतं. पण उंदरांत. माणसांपर्यंतची वाट अजून लांब होती.

"मावशी, तुझं औषध कधी येणार गं?" घरी जाताना जुदित्ताने विचारलं.

"खरं सांगू? ठाऊक नाही. येईल की नाही, तेही नाही."

"मग तोवर मी गप्प बसायचं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी विन्चेन्झा प्रयोगशाळेत अकरा नंबरच्या उंदरासमोर बसली होती. बिस्कीट कुरतडता कुरतडता तो थिजला, यंत्रावर रेषा उसळल्या. आठ सेकंद. मग त्याने तेच बिस्कीट, तोच कोपरा पुन्हा कुरतडायला घेतला. हे तिने हजारदा पाहिलं होतं. आज मात्र ती तशीच उठली आणि थेट चर्च गाठलं. जुदित्ता दारातच बसून होती, तिला हाताला धरून आत नेलं.

"मास्तर, काल ही थांबली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"पुढचं वाक्य सांगितलं. ऐकेना, म्हणून त्याच्या पुढचं. तेच तर माझं काम."

"ते आठेक सेकंद तिला ऐकूच येत नव्हतं. ती आपल्या शब्दावर परत आली तेव्हा तुम्ही तीन वाक्यं पुढे. बिचारी तुम्हाला गाठायला धावली."

"म्हणजे दोष माझा?"

"तुमच्या मायेचा. आज कागद खिशात ठेवा."

फादर म्हणाले, "अगं, भर चर्चमध्ये ती गप्प उभी राहिली तर?"

"तर लोकांनी थांबायचं, फादर," जुदित्ता म्हणाली. "मरियेने नऊ महिने वाट पाहिली. यांना आठ सेकंद जड होतात?"

मास्तर मिशीत हसले. "ही बिशपलाही ऐकायची नाही."

फादरांनी कपाळावर हात मारला, पण नाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी चर्च गच्च भरलं. जुदित्ताने मेंढपाळ उभे केले, आकाश उजळवलं, हात वर केला. "देवदूत म्हणाला, भिऊ..."

आणि ती थांबली. बाक करकरले. कुणीतरी कुजबुजलं, "गेली लाईट." मास्तरांचा हात खिशाकडे गेला. विन्चेन्झाने त्यांचं मनगट धरलं आणि मनात मोजू लागली. सहा. सात. आठ.

"...नका," जुदित्ता म्हणाली, आणि पुढे निघाली.

नंतर ती आणखी एकदा थांबली. तेव्हा बाकही करकरला नाही.

सुट्टी संपताच विन्चेन्झा पुन्हा अकरा नंबरसमोर जाऊन बसली. औषधाचं काम व्हायचंच होतं.

तर मंडळी, हात जोडाल तेव्हा जुदित्ताची आठवण असू द्या. आणि मनात जागा उरली, तर त्या अकरा नंबरच्या उंदराचीही.