शकुंतलाबाईचा आराम

मागच्या उन्हाळ्यात शकुंतलाबाई न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार. डॉक्टरनं चार दिवस आराम सांगितला; तिच्या लेकानं, देवानंदनं, त्या चार दिवसांचं वर्ष केलं. अंगणातला झाडू गेला, धानाच्या रोवणीला जाणं गेलं, हातपंपावरची घागर गेली. खाटेवर बसायचं आणि दोन्ही वेळ भाताची पेज प्यायची. "माय, आता तू आराम कर," एवढंच तो म्हणे, आणि गावभर त्याची वाहवा होई.

मग समाजमंदिरात म्हाताऱ्या माणसांसाठी आरोग्याची सभा भरली. उपकेंद्राच्या प्रेरणा सिस्टरनं सगळ्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. शकुंतलाबाईला हसूच आलं. जन्मभर धानाचे भारे वाहिलेली बाई ती! उठायला गेली आणि अर्ध्यातूनच धपकन खाली बसली. पुन्हा गेली, पुन्हा बसली. शेजारचा शालीकराम तिच्याहून म्हातारा, पण तो खोकत खोकत का होईना, उभा राहिला होता.

"आजी, घरी काम काय करता?" सिस्टरनं विचारलं.

"काईच नाई. पोरगा करू देत नाई."

"आणि खाता काय?"

"पेज."

"बसून बसून पायातलं बळ जाते, आजी. रोज चाला, धरून धरून उठबस करा. डाळ, अंडी, मासे, घरात शिजते ते पोटभर खा. चक्कर आली तर मात्र थांबा, मला सांगा."

घरी पोचेपर्यंत तिचं डोकं तापलं होतं. त्या दिवशी देवानंदनं बोदलकसा तलावातले मासे आणले होते. सगळ्यांच्या ताटात रस्सा, आणि सून अंजूनं तिच्यापुढं नेहमीसारखी पेज ठेवली. तिनं ती ढकलली. जमिनीवर ओघळ गेला.

"मासा वाढ."

"माय, तुले पचत नाई," देवानंद म्हणाला.

"कोनं सांगतलं? मले पुसलं का कधी?"

"तुह्याच भल्यासाठी करून राहिलो ना!"

"भल्यासाठी? बसवून बसवून माहे पाय खाल्लेस तू! आज चार लोकांत मले उठता नाई आलं. कायले बसवलंस मले?"

देवानंदही भडकला. "तं काय करू? तू धानाच्या बांधीत गेली का लोक म्हनतीन, देवानंद मायले राबवून राहिला!"

"म्हंजे लोकाइसाठी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "लोकाइले दाखवासाठी मले मांडून ठेवलंस, देवाऱ्यातल्या मूर्तीवानी! मी काई मेली नाई अजून!"

अंजूनं माशाचा मोठा तुकडा तिला वाढला. देवानंद भरल्या ताटावरून उठून गेला.

मायलेकांचं बोलणं बंद झालं. शकुंतलाबाई चौकट धरून उठबस करू लागली. मांड्या थरथरत, घाम फुटे, तोंडानं शिव्या चालू असत. आधी अंगणभर, मग देवळापर्यंत चालली; अंजू सोबतीला असे. राग काही उतरला नाही. त्या रागावरच ती चालत होती.

धान निसवलं तेव्हा ती अंजूचा हात धरून शेतावर पोचली. पाहते तो धुरा, शेताचा मातीचा बांध, फुटलेला, पाणी शेजाऱ्याच्या शेतात चाललेलं, आणि देवानंद पलीकडे पाठ करून उभा.

"आंधळा झालास का रे? पानी सारं गोवर्धनच्या बांधीत जाऊन राहिलं!"

देवानंद दचकून वळला. फावडं घेऊन धावत आला. "खाली नको येऊ माय, चिखल आहे."

"तं हात दे."

तो क्षणभर घुटमळला, मग त्यानं हात दिला. ती उतरली. गोड शब्द मात्र एक बोलली नाही. माती कुठं टाकायची, तेवढंच ओरडून सांगत राहिली.