चौतिसावी बाटली

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे बरं! जाड लोकरीची, उलट्या टांगलेल्या टोपीसारखी. क्युबेकमधल्या एका शेतघरात मी मेपलचा पाक गाळते. मेपलच्या झाडांचा रस काहिलीत आटवला की त्यात वाळूसारखा बारीक गाळ तयार होतो. तो अडवायचा, हे माझं काम.

माझा मालक ओदिलाँ कष्टाळू, पण भारी उतावळा. पाक हळूहळू ठिबकू लागला की मला करकचून पिळायचा. माझा जीव कासावीस व्हायचा. दरवर्षीची एक बाटली तो खिडकीत मांडून ठेवी. तेहतीस बाटल्या झाल्या आणि गेल्या हिवाळ्यात तो वारला.

यंदा त्याची बायको जिझेल हट्टाला पेटली. "ह्या वर्षीची बाटली मी भरणार."

"अगं, तुला जमणार आहे का?" नणंद रोलांद म्हणाली. "दुकानातली आणून ठेव. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना, ताई."

पहिल्या खेपेला जिझेलनंही नवऱ्यासारखंच मला पिळलं. सकाळी बघते तर पाक गढूळ, तळाशी बोटभर गाळ!

"ताकच केलंस की!" रोलांद हसली.

जिझेलला रडू फुटलं. मलाही फार वाईट वाटलं. पण तिनं डोळे पुसले, मला उजेडात धरून नीट पाहिलं. पिळल्यानं गाळ लोकरीतून आरपार गेला होता. तिनं मला नुसत्या गरम पाण्यात धुतलं, साबण लावला नाही. ओली असतानाच टांगलं. पाक उकळू न देता पुन्हा तापवला, माझ्यात ओतला आणि हाताची घडी घालून बसली.

"पीळ की जरा! संध्याकाळ होईल अशानं."

"होऊ दे. मी हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी चौतिसावी बाटली खिडकीत उभी राहिली. तिच्यातून बाहेरची झाडं स्वच्छ दिसत होती. रोलांद बघतच राहिली. मग तिची नजर शेजारच्या बाटल्यांवर गेली.

"माझ्या भावाच्या सगळ्याच बाटल्यांत गाळ आहे गं."

"आहे," जिझेल म्हणाली. "पोरं चमचे घेऊन दारात उभी असायची ना. त्यांना थांबवणं त्याच्या जिवावर यायचं."

रोलांदनं डोळ्यांना रुमाल लावला.

मित्रांनो, मला साबण लावू नका, पिळू नका, थोडा वेळ द्या. तेहतीस वर्षं मी हेच म्हणत होते. ऐकलं ते जिझेलनं.