सल्लागाराची गुंडाळी

हम्फ्री पास्कने आयुष्यभर जमवलं काय, तर लोकांचं हसू. थेम्सच्या दक्षिण काठावरच्या नाट्यगृहात तो चिखलात पडे, पिंपात अडके, सुनेच्या हातचा मार खाई. या जमेवर घर चालत होतं. बायको थॉमसिन मात्र लग्नानंतर एकदा नाटकाला आली, ती पुन्हा फिरकली नाही. "माझ्या नवऱ्याला हसायला मी एकटी पुरेशी आहे," ती म्हणे.

म्हणून नव्या नाटकात सल्लागाराचं काम पदरात पडताच हम्फ्री आधी घरी पळाला. गादी गेलेला ड्यूक, त्याचे कुजकट सरदार आणि सगळ्यांना धीर देणारा त्याचा भला म्हातारा सल्लागार. म्हातारा म्हणजे आपण.

"या खेपेस कोणी हसणार नाही. ये तू," तो म्हणाला.

"बघू," थॉमसिन म्हणाली. पण प्रयोगाला धुतलेली टोपी घालून आली.

आता, अख्खं नाटक वाचायला नटांना कधीच मिळत नसे. दुसऱ्या मंडळीने ते पळवलं तर? प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःच्या वाक्यांची कागदी गुंडाळी, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. ते कानावर पडले की तोंड उघडायचं. तालीम एकच, आणि तीही तलवारबाजीनेच खाल्ली. हम्फ्रीच्या गुंडाळीत होतं, 'तिथे राजा कोण?' आणि त्याखाली भलंमोठं भाषण: भूक लागेल त्याने सरळ भट्टीतला पाव उचलावा, वेशीला दार नाही, गावात तुरुंग नाही, असं एक गाव. पाठ करताना त्याने स्वतःच दोनदा डोळे पुसले होते.

प्रयोगात सरदार झालेल्या गिल्बर्टने विचारलं, "तिथे राजा कोण?"

हम्फ्रीने हात उंचावला. "भूक लागेल त्याने पाव—"

"नाही, पण तिथे राजा कोण?" गिल्बर्टने त्याला मध्येच तोडलं.

कानावर शब्द पडले, म्हणजे तोंड उघडायलाच हवं. हम्फ्री पुन्हा पावापासून निघाला. गिल्बर्ट शेजारच्या सरदाराकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "ते सगळं ठीक, तिथे राजा कोण?" नाट्यगृहात हशा फुटला. हम्फ्रीने दाढी चाचपली. जागेवर होती. विजारही होती. तो तिसऱ्यांदा पावावर आला आणि या खेपेस भाषण शेवटापर्यंत गेलं. पण कुणाला काय सांगतोय, हे त्याचं त्यालाच कळेना.

मागे कपड्यांच्या खोलीत नाटककार क्रेस अक्रोड फोडत बसला होता.

"माझं कुठे चुकलं?" हम्फ्रीने विचारलं.

"कुठेच नाही."

"माझ्या गुंडाळीत तो प्रश्न तीनदा आहे, दोनदा तुम्हाला तोडून, मास्टर पास्क," मागोमाग आलेला गिल्बर्ट म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"म्हणजे म्हातारा मूर्ख आहे?"

"त्याच्यामुळे शेवटी ड्यूक सगळ्यांना माफ करतो," क्रेस म्हणाला.

"मग शहाणा?"

"म्हाताऱ्याला जेवढं ठाऊक, तेवढंच तुला लिहून दिलं. पंचाईत पुढच्या खेपेची आहे. आता तुला सगळं कळलंय. तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत थांबलास, तर मेलो आपण."

"मग काय करू?"

"ठाऊक नसल्यासारखं बोल."

"पण मला आत्ताही ठाऊक नाही."

"हां, असंच," क्रेस म्हणाला आणि त्याने पुढचा अक्रोड उचलला.

थॉमसिन मागच्या दाराशी उभी होती. हम्फ्रीने तिच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं.

"हसलीस?"

"हसले."

तो पायरीवर बसला. इतकी वर्षं हसू जमेला धरलं. बायकोचं हे हसू जमेला मांडायचं की खर्चाला?

"पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदाही," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा वाटलं, आता गप्प बसेल बिचारा. तर तू परत आपला पावावर. तेव्हा नाही हसले."

"का?"

"घरीही असाच बोलतोस. तुला तोडणारी मीच असते, म्हणून कधी नीट पाहिलं नव्हतं." तिने टोपी सारखी केली. "गुरुवारी पुन्हा हेच आहे ना? मी येते."

"हसायला?"

"ते आत्ताच कसं सांगू?"

ती चालू लागली. हम्फ्री मागोमाग निघाला. खोटी दाढी काढायची राहिली आहे, हे पुलापर्यंत त्याच्या लक्षातच आलं नाही.