दोन मिनिटांचा रस्ता

आपली एक खोड आहे बघा. काम रोजचं झालं की आपण नियम गुंडाळून ठेवतो.

आमचं ते जुनं इस्पितळ आता पाडलं. पण तिथला लांबलचक बोळ, कुरकुरणारी लिफ्ट आणि ऑपरेशननंतरच्या खोलीतल्या मोठ्या सिस्टर आठवल्या की अजूनही जीव हळवा होतो.

तिथे स्ट्रेचर ढकलायला तुफान होता. त्याचा वेग बघून सिस्टरांनीच ठेवलेलं नाव ते. पेशंटला वॉर्डात नेताना ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत हवा, हा नियम. पण सिलिंडरच्या गाडीचं चाक अडकायचं. म्हणून तुफान आणि त्याचे सोबती पेशंटचा ऑक्सिजनचा मास्क काढायचे आणि सुसाट निघायचे. दोन मिनिटांचा तर रस्ता, हे ठरलेलं उत्तर. सिस्टर कानीकपाळी ओरडायच्या, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी तुफानच्या दादाचं पोटाचं ऑपरेशन झालं. वडिलांच्या मागे ह्याला लहानाचा मोठा करणारा दादा. त्याला मीच नेणार, असा तुफानचा हट्ट. वॉर्डात वहिनी डोळे लावून बसली होती. सिस्टर फोनवर आहेत असं पाहून त्यानं सवयीनं मास्क काढला आणि निघाला.

नेमकी लिफ्ट वर अडकलेली. वाट बघता बघता अर्धवट भुलीतल्या दादाचं घोरणं थांबलं, मान कलली, ओठ निळे पडू लागले. तुफान ओरडला, "सिस्टर!"

त्या सिलिंडर ओढतच धावत आल्या. दादाची हनुवटी उचलून धरली, मास्क लावला. हळूहळू ओठांवर रंग आला. तुफान तिथेच खाली बसून ढसाढसा रडला.

सिस्टर रागावल्या नाहीत. शेजारी बसून म्हणाल्या, "भूल पुरती उतरेपर्यंत माणूस पुरेसा श्वास घेईलच असं नाही. अंगातला ऑक्सिजन मिनिटांत संपतो, बाबा."

"माझा दादा होता हो तो," तुफान हुंदके देत म्हणाला.

"आणि आजवर नेलेस ते कुणाचे होते?"

त्याच संध्याकाळी तुफाननं सिलिंडरच्या गाडीचं ते चाक दुरुस्त करून घेतलं. पुढे निवृत्त होईपर्यंत सिलिंडरशिवाय एकही पेशंट नेला नाही, आणि कुणाला नेऊही दिला नाही.

मंडळी, कामावर आपल्या हाती सोपवलेला प्रत्येक जण कुणाचा तरी दादा असतो. त्याच्या जिवाच्या बाबतीत 'चालतंय' म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला?