चंपतरावांच्या पाठीतलं पाणी

रुपरावांचा रिपोर्ट परत येत नसे. सदरमधल्या त्या धर्मादाय दवाखान्यात अठरा वर्षं ते लॅब सांभाळत होते, आणि अठरा वर्षांत 'पुन्हा एकदा बघा' म्हणून कुठल्या डॉक्टरानं कागद परत पाठवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रुपरावांना तर मुळीच नाही. माणूस तसा तिरसट. नळीवर पेशंटचं नाव नीट नसलं, की सिस्टरला चार शब्द ऐकवल्याशिवाय ती नळी हातात घ्यायचे नाहीत. पण एकदा घेतली की तिच्याशी इमान. त्यांचा एक नियम होता, तो कुठल्या पुस्तकात नव्हता: पेशंट घरी जात नाही तोवर त्याची नळी धुवायची नाही. उरलेले दोन-चार थेंब का असेनात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे. रुपरावांनी नळ्यांचं लोणचं घातलंय म्हणून सिस्टर लोक हसायच्या. हसू द्या, म्हणायचे ते.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मौद्याचे चंपतराव भरती झाले. पंचेचाळिशीचा गडी, धानाचं पोतं एकटा पाठीवर घेणारा, जन्मात कधी सुई टोचून न घेतलेला. तीन आठवडे डोकं ठणकत होतं, मग ताप आला, मग मान वाकेना. डॉक्टर खेडीकरांनी त्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून लॅबमध्ये पाठवलं. रुपरावांनी आखलेल्या काचेवर थेंब सोडला, दुर्बिणीला डोळा लावला आणि मोजायला घेतलं. गोल गोल पेशी. मेंदूच्या आवरणाला टीबी झाला की पाण्यात अशाच गोल पांढऱ्या पेशी वाढतात, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. एकशे दहा, त्यांनी लिहिलं, सगळ्या लिम्फोसाइट, म्हणजे त्याच टीबीतल्या गोल पांढऱ्या पेशी. खाली सही ठोकली.

टीबीचे उपचार सुरू झाले. रोज सकाळी इंजेक्शन, दोन तऱ्हेच्या गोळ्या, आणि वर मेंदूची सूज उतरावी म्हणून तिसऱ्या गोळ्या. चंपतरावांची बायको जिजाबाई लॅबचं दार शोधत आली. गावात कुणी हवा लागली म्हणालं होतं, कुणी करणी म्हणालं होतं. इथं निदान रोगाचं नाव तरी सापडलं, एवढ्यावरच ती बाई खूश. मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा ती टेबलावर ठेवून गेली. लॅबमध्ये खाण्याचं काही आणायचं नाही, असं रुपराव तिच्या पाठीमागे पुटपुटले, आणि मग बाहेर ओट्यावर बसून त्यांनी शेंगा संपवल्या.

बारा दिवसांनी प्रेमिला नावाची धरमपेठेतली मास्तरीण आली. तिचे सांधे दोन वर्षांपासून धरलेले, आणि दोन वर्षं ती सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर होती. गोळ्यांनी तोंड सुजून वाटोळं झालं होतं. हिचंही डोकं दुखत होतं, हिचीही मान वाकत नव्हती. या खेपेला खेडीकर डॉक्टर नळी घेऊन स्वतः खाली आले, आणि खिशातून त्यांनी नकाशे काढायच्या काळ्या शाईची बाटली काढली. रुपरावांना राग आला. लॅब आहे का चित्रकलेचा वर्ग, असं ते मनात म्हणाले. तोंडानं 'बरं सर' म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या गोळ्या सूज घालवतात, पण अंगातली रोगाविरुद्धची राखणही झोपवतात. मग कबुतराच्या वाळल्या विष्ठेतली एक बुरशी धुळीबरोबर श्वासात जाते आणि मेंदूपर्यंत पोचते. पाण्यात थेंबभर शाई मिसळली की ती दिसते. रुपरावांनी शाई मिसळली. सगळं काळं झालं, आणि त्या काळ्यात पांढरी कडी उमटली. प्रत्येक कड्याच्या मधोमध एक गोल दाणा. बुरशीच्या दाण्याभोवती जाड साय असते, शाई तिच्या आत शिरत नाही. एका दाण्याला तर बाजूला छोटा कोंब फुटला होता.

डॉक्टर वर गेले. रुपरावांनी सवयीनं त्याच नळीतला थेंब, बिनशाईचा, मोजायच्या काचेवर घेतला आणि पाहिलं. गोल गोल पेशी. शाई नसती तर आपण काय लिहिलं असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचे कान तापले.

दुपारी डॉक्टर पुन्हा दिसले तेव्हा रुपरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही बुरशी धडधाकट माणसाला होते का म्हणून. धडधाकट माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले. रुपरावांच्या डोक्यात तो 'सहसा' अडकला. वरच्या वॉर्डात चंपतराव रोज खालावत होते. टीबी हट्टी दिसतो म्हणून सुजेच्या गोळ्या वाढवल्या होत्या. त्या प्रेमिलाच्याच गोळ्या. आदल्या दिवशी भर उन्हात त्यांनी बायकोला दिवा लावायला सांगितलं होतं, हे सिस्टरकडून कळलं होतं.

रुपरावांनी फ्रिज उघडला. नळी होती. नाव, तारीख, त्यांचंच अक्षर. तळाला चार थेंब. ती घेऊन ते मोरीपाशी गेले आणि त्यांनी नळ सोडला. खोटं कशाला बोला, धुवून टाकावी असंच त्यांच्या मनात होतं. कुणी मागितली नव्हती. कुणाला शंकाही नव्हती. नळी धुतली की अठरा वर्षं जशीच्या तशी राहत होती, आणि चंपतराव हट्टी टीबीनं मेले असते. पाणी बराच वेळ वाहिलं. मग त्यांनी नळ बंद केला आणि शाईची बाटली घेतली. घाईत निम्मी शाई बोटांवर सांडली.

कडी दिसली. एक नाही, दोन नाही, जिथं नजर जाईल तिथं.

"सर, बारा दिवसांमागचा माझा रिपोर्ट चूक आहे," डॉक्टरांसमोर उभे राहून ते म्हणाले. "त्या लिम्फोसाइट नाहीत. मौद्यावाल्यालाही हेच आहे."

डॉक्टरांनी खाली येऊन स्वतः पाहिलं. मग म्हणाले की माणूस धडधाकट होता म्हणून शाई मागायचं त्यांनाही सुचलं नाही. सुजेच्या गोळ्या हळूहळू उतरवायचं ठरलं. मुंबईहून नवं औषध मागवलं, ते तिसऱ्या दिवशी आलं. शिरेतून जाताना ते अशी हुडहुडी भरवी की लोखंडी खाट वाजायची. जिजाबाईला विचारल्यावर कळलं की पावसाळ्याआधीपासून बंद पडलेल्या एका राइस मिलचा माळा चंपतरावांनी साफ केला होता. कबुतरांची विष्ठा, वांग्यांच्या वाफ्याला चांगलं खत म्हणून.

प्रेमिला औषधाच्या नवव्या दिवशी वारली. तिच्या अंगात राखण उरलीच नव्हती. चंपतराव वाचले. डोळे मात्र गेले.

सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी जिजाबाई पुन्हा लॅबमध्ये आली. पदरात शेंगा होत्या. सिस्टरनं तिला सांगितलं होतं की रोग रुपरावांनीच ओळखला.

"भाऊ, तुमच्यामुळं माहा मानूस राह्यला," ती म्हणाली. "कसं वळखलं, मले दाखवा तरी."

रुपरावांनी दाखवलं. एरवी दुर्बिणीला कुणाचा हात लागू न देणारा माणूस, पण त्यांनी त्याच नळीतल्या उरलेल्या थेंबात शाई मिसळून काच लावली आणि तिला स्टुलावर बसवलं. तिनं एक डोळा हातानं झाकला आणि दुसऱ्यानं पाहिलं. काळ्यात पांढरी कडी. ही शाई टाकली म्हणून दिसली, त्यांनी सांगितलं, नाहीतर दिसत नाहीत. शाईनं त्यांची बोटं पुन्हा काळी झाली होती. ती बाई थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं दुर्बिणीवरून डोळा बाजूला घेतला.

"मंग पह्यल्या दिवशीच काहून नाही टाकली?"

डॉक्टरांनी हे विचारलं नव्हतं. अठरा वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. रुपरावांना रडू यायला लागलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"मी चुकलो, बाई. मीच टीबी लिहून दिला. पह्यल्या दिवशी वळखलं असतं तर डोळे वाचले असते, असं मले वाटते."

जिजाबाई उठली. शेंगा टेबलावर ठेवल्या नव्हत्या, त्या तिच्या पदरातच होत्या. पदर तिनं कमरेला घट्ट खोवला.

"डाक्टरले मालूम हाय?"

"हो. मीच सांगितलं."

"मंग त्यायलेबी तुमीच सांगा. माह्यानं नाही होत."

ती पुढे आणि रुपराव मागे, असे ते जिना चढले. खिडकीजवळच्या खाटेवर चंपतराव उन्हाकडे तोंड करून बसले होते. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली. मान आता चांगली वळत होती.

"कोन हाय गा?" त्यांनी विचारलं.

"मी रुपराव," ते म्हणाले, आणि खाटेजवळचं स्टूल ओढून बसले. "तुमच्या पाठीतलं पाणी मोजलं, तो मी."