एक पोर्ट, दोघींच्या नावावर

दोघी बहिणी एकाच टेबलावर समोरासमोर बसायच्या, आणि तीन आठवडे एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. धाकटीने गिऱ्हाइकासमोर थोरलीच्या प्रोग्रॅमला जुनाट म्हटलं होतं. एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा.

निरोप फोनवरून आईमार्फत जायचे. आई त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायची आणि गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नव्हता. लिफ्ट महिनाभर बंद, म्हणून आईही महिनाभर घरात कोंडलेली. लिफ्टचा नवा कंट्रोलर बनवणाऱ्या ह्याच दोघी. आज तीनला तपासनीस येणार होता. नापास झालं की पुढची तारीख दोन महिन्यांनी.

कंट्रोलरच्या छोट्याशा बोर्डवर दोन बिऱ्हाडं होती. लिफ्ट हलवणारी सिस्टिम थोरलीची, मजला दाखवणाऱ्या पडद्याची धाकटीची. दोन्हींवर हायपरवायझर नावाचा घरमालक, कुणी काय वापरायचं ते ठरवणारा. मजल्यांचे सेन्सर ज्यातून बोलतात तो सिरियल पोर्ट मात्र सामाईक नळासारखा एकच.

दोन वाजता चाचणी घेतली. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लटकली आणि पडद्यावर आठ आकडा आला. इमारत सहा मजल्यांची.

"आई, तिला सांग, तिने माझा पोर्ट पळवलाय," थोरली फोनवर म्हणाली.

"ती तुझ्यापासून हातभर लांब बसलीये. तूच सांग. मला खाली यायचंय," म्हणून आईने फोन ठेवला.

पुरावा काढायला थोरलीने हायपरवायझरची सेटिंगची फाईल उघडली. पोर्ट दोघींच्या नावावर होता. सेन्सरची निम्मी अक्षरं ही सिस्टिम ओढत होती, निम्मी ती. पण एक पोर्ट दोघांना दिला तर घरमालकाने बोंब मारायला हवी होती. तो गप्प का? तिने शोधलं. घरमालकाची ही तपासणीच बंद केलेली होती, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, तिच्याच नावाने. त्या दिवशी 'पोर्ट आधीच दिलेला आहे' असा इशारा आला होता. धाकटी मुद्दाम खोड काढतेय असं समजून तिने रागाच्या भरात त्याचं तोंडच बंद केलं होतं. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुपचूप पोर्ट काढून घ्यावा, तर पडदा कोरा राहणार. बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. "इशारा मी बंद केला होता. चूक माझी."

"माहितीये. सोमवारीच दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणं बंद होतं ना आपलं."

थोरलीला हसू आवरेना. धाकटीने खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली. "पोर्ट तूच ठेव. मजल्याचा आकडा तेवढा मला पुढे पाठव. त्यासाठी हायपरवायझरमध्ये आपल्या दोघींपुरता एक खोटा, नुसता प्रोग्रॅममधला पोर्ट बांधते."

तीनला तपासनीस लिफ्टने वर गेला, दोघी तळमजल्यावर दाराशी उभ्या राहिल्या. खाली आला तेव्हा पडद्यावर मजले एकेक करून नीट उतरले. दार उघडलं, तर त्याच्या शेजारी आई, पायात बाहेरच्या चपला, खांद्याला पिशवी.

"आई, अजून सही व्हायचीये," थोरली म्हणाली.

"तुम्ही दोघी बोलताय का एकमेकींशी?"

"हो."

"मग झालं तर," म्हणत आई त्यांच्या मधून रस्त्यावर निघूनही गेली.