तळघरातून आलेला फोन

उभा जन्म कामतघरच्या कापडाच्या लूमवर काढलेल्या बकुळाला समोरच्याचे ओठ वाचता यायचे. त्या खडखडाटात दुसरा इलाजच नसतो. लहानपणी तिला डबा द्यायला येणारा तिचा मुलगा सुमितही ते शिकला होता.

तोच सुमित आता इस्रायलमध्ये एका अपंग म्हाताऱ्याची देखभाल करायचा. दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तो इमारतीखालच्या तळघरात बसला होता.

"हल्ल्याचा भोंगा वाजला म्हणून खाली आलोय, आई. घाबरू नको."

"आणि तुझे ते म्हातारे बाबा?"

"तेही आलेत ना. पलीकडे झोपलेत."

एवढ्यात आवाज गेला, चित्र तेवढं राहिलं. ऐकू येत नसल्याची बकुळाने खूण केली. सुमितने शेजारच्या माणसाकडे मान वळवली. घाईत तो आईची विद्या विसरला.

"बाबा ऊपरच रह गया, भाई," त्याचे ओठ म्हणाले. "लिफ्ट बंद थी, मैं डर के भागा. अब जाके लाता हूँ."

तो उठला. बकुळाने फोन तोंडासमोर धरला आणि लूमवर बोलायची तशी, ओठ मोठे करून, आवाज न काढता म्हणाली, "जाऊ नको. बस."

सुमित तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू खाली बसला.

बकुळाला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच भीती वाटली. पडद्यावरचं चित्र हादरलं. सगळ्यांनी वर छताकडे पाहिलं. सुमितचे ओठ हलू लागले, पण तिने वाचायच्या आत त्याने हाताने तोंड झाकून घेतलं.